वन्सं, तुमचा तो अर्धा स्वर

वन्सं,

तुम्हाला जाऊन दोन दिवस झाले होते. दुपारी लीड्सहून अभयचा व्हिडिओ कॉल आला. अभय बोलला, सूनबाई बोलली, ईशान नुसता हात हलवून बाजूला झाला, आणि मग रेवा समोर आली. बारा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. वाक्य तिनं आधी मनात जुळवून ठेवलं असणार, कारण एका दमात म्हणाली, "आजी, आत्याआजी गेली, मला खूप वाईट वाटलं." 'वाईट' आणि 'वाटलं' म्हणताना तिनं शीळ घालावी तसे ओठ गोल केले, तिकडच्या शाळेत करतात तसे. आणि मी, तुमच्या अस्थी अजून विसर्जित व्हायच्या होत्या, मी तिला म्हटलं, "ओठ गोल नको करूस गं. वरचे दात खालच्या ओठाजवळ आण, टेकवू नकोस. म्हण पुन्हा, वाईट."

तिनं पुन्हा म्हटलं नाही. माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिच्या बाजूचा पडदा काळा झाला. तेव्हापासून ती फोनवर येत नाही. होमवर्क असतो, पोहायला गेलेली असते, झोपलेली असते. सूनबाई सभ्य आहे, रोज नवं कारण देते.

मला माझी किळस आली आहे. दुसरा सौम्य शब्द शोधला, सापडला नाही. शोक करायला आलेल्या नातीचा शोक मी ऐकला नाही, तिचा व ऐकला.

हे तुम्हाला लिहिते आहे, पण रेवा आणि ईशानलाही पाठवणार आहे. त्यांना देवनागरी सावकाश वाचता येतं. म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ: मुलांनो, वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. तुमची विमल आत्याआजी मला वन्सं. ती तुमच्या आजोबांहून पाच वर्षांनी मोठी होती आणि आमच्या ह्या दर्पण कॉलनीतल्या घरात शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिली. बाकी ती कोण होती ते पुढे कळेल. तिची भावजय, म्हणजे तुमची आजी, कोण होती तेही कळेल, आणि ते फारसं चांगलं नाही.

वन्सं, मी लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला ह्या घरी आले तेव्हा इंग्रजीत एम. ए. झाले होते आणि त्याचा माज होता. पहिल्याच आठवड्यात तुमच्याबरोबर भाजी आणायला गेले. भाजीवाल्याला मी पुस्तकी हिंदीत म्हटलं, "वह लौकी दीजिए." तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "बहूजी तो किताब से बोल रही हैं." इथं सगळे 'वो' म्हणतात, गावाकडचे तर 'बो' म्हणतात, 'वह' फक्त पाठ्यपुस्तकात राहतो. माझे कान लाल झाले. तुम्ही पिशवी पुढे केलीत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "भैया, वह टमाटर भी दे दो." त्यानंतर तो माणूस ठेला सोडून जाईपर्यंत त्याच्याशी तुम्ही कायम 'वह' म्हणत आलात. ग्वाल्हेरात जन्मलेली बाई, स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या शाळेत मास्तरीण, आणि भावजय एकटी पडू नये म्हणून वर्षानुवर्षं एका भाजीवाल्यासमोर हास्यास्पद हिंदी बोलली. मी ह्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायला हवेत हे मला कळलंही फार उशिरा.

कारण तेव्हा मी दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करण्यात गुंतले होते.

एका उन्हाळ्यात हैदराबादला जाऊन मी इंग्रजी उच्चारांचा अभ्यासक्रम केला आणि परत आले ती एक हातआरसा घेऊन. इंग्रजीत व दोन आहेत, एक दात ओठाला घासून, एक ओठ गोल करून, आणि आपल्याकडे ह्या दोहोंच्या मधला एकच, हे मी माझ्या शाळेत प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगायची. मग आरसा फिरायचा. प्रत्येक मुलीनं त्यात आपलं तोंड बघून दहा शब्द म्हणायचे. चाळीस मुलींच्या थुंकीनं तो आरसा आंबट वासाचा व्हायचा. मी तो रुमालानं पुसून पुढच्या मुलीच्या हातात द्यायची. घरी ताटाला बोट लागलं तर ताट परत घासणारी मी, मला त्या आरशाचं कधी काही वाटलं नाही.

तुमची रीत वेगळी. तुमच्या शाळेत पडावच्या हॉटेलांतल्या आचाऱ्यांची मुलं, हमालांची मुलं, आणि रेल्वेत बदलून आलेल्यांची मुलं. तुम्ही सरकारी शाळेच्या 'बिमला बैनजी'. एकदा मी वर्ग बघायला आले होते. तुम्ही फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. म्हणालात, "उ बोलो." सगळ्यांनी म्हटलं. "अब अ बोलो." म्हटलं. "अब दोनों जल्दी जल्दी." उ-अ, उ-अ, उ-अ, आणि साठ पोरांच्या तोंडात आपोआप व तयार झाला. पोरं चकित. त्यांना कुणी शिकवला नव्हता, तो त्यांच्याच दोन स्वरांतून निघाला होता. मग इ-अ, आणि त्यातून य. तुम्ही टाळी वाजवलीत. "ये आधा स्वर है, आधा व्यंजन. दोनों घर का मेहमान."

आणि मला घरी येताना टेम्पोत सांगत होतात, किती आनंदानं. रेल्वेतल्या एका तेलुगू पॉइंट्समनचा मुलगा 'ओकटि', म्हणजे एक, म्हणताना पुढे हळूच व लावतो, तसंच आपले खेड्यातले लोक ओठाला 'वोठ' म्हणतात. शेजारच्या बंगाली डॉक्टरीणबाई तुम्हाला 'बिमोलादी' म्हणतात कारण त्यांच्या भाषेत हा व ब होऊन बसला आहे. उर्दूतला वाव कधी व्यंजन असतो, कधी नुसता ऊ. जर्मन लोक w लिहितात आणि v म्हणतात, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही ते सगळ्या कॉलनीला सांगितलंत. मी म्हटलं, "वन्सं, ह्या सगळ्या चुका आहेत." तुम्ही म्हणालात, "चुका कशाला गं, मालू? बिऱ्हाडं बदलतो तो. जिथं राहील तिथलं खातो."

मला राग यायचा. ढिसाळपणाला कौतुकाचं नाव देता, असं वाटायचं.

आता पूनमचं लिहिते. हे लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

पूनम तुमची शाळेतली विद्यार्थिनी, पडावातल्या एका हॉटेलातल्या आचाऱ्याची मुलगी. नर्सिंगचं शिक्षण संपवून तिला दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत इंग्रजीत. तुम्ही तिला हाताला धरून माझ्याकडे आणलंत. माझ्याकडे संध्याकाळी पाच-सहा मुली यायच्या, हॉलमध्ये सतरंजीवर बसायच्या. पूनम हुशार होती, पण व्हेरीला 'बेरी' म्हणायची, वॉर्डला 'बार्ड'. मी तिला दोन आठवडे आरसा दिला. त्याचा परिणाम असा झाला की ती प्रत्येक शब्दाआधी थांबायला लागली. घाबरून ती 'वेरी' म्हणायची आणि 'व्हॉर्ड' म्हणायची, सगळं उलटं. जितकं मी सांगू तितकं उलटं. शेवटच्या दिवशी मी तिला उभं करून सगळ्यांसमोर लटकी मुलाखत घेतली. 'व्हिजिटिंग अवर्स'वर ती अडली. तीनदा अडली. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. आणि मी उठले, तिच्याजवळ गेले, तिचा खालचा ओठ माझ्या चिमटीत धरला आणि वरच्या दातांखाली सरकवला. म्हटलं, "इथं. इथं ठेवायचा. एवढं कळत नाही?"

तिचा ओठ ओला होता. मी बोटं तिथंच तिच्या ओढणीला पुसली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मुलाखतीलाही गेली नाही. दिल्लीची ती नोकरी तिच्या हातून गेली.

तुम्ही स्वयंपाकघरात आलात तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तुम्ही ओरडणाऱ्यांतल्या नव्हतात. पाट ओढून बसलात.

"मालू, तिला मुलाखतीत काय विचारणार होते?"

"मला काय माहीत?"

"पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, हे विचारणार होते. सलाइन कसं लावायचं. ते तिला येतं. तुला येतं?"

"वन्सं, तिथं लोक हसले असते तिला. मी तिला त्यापासून वाचवत होते."

"हसणारी पहिली तूच असतेस, मालू."

मी लाटणं आपटलं. म्हटलं, "नियम असतात. माझ्या तोंडून कधी चुकीचा व निघत नाही." तुम्ही म्हणालात, "बरं. ग्वाल्हेर म्हण." मी म्हटलं. "तुझे दात कुठे गेले?" दात कुठेच नव्हते, ओठ गोल झाले होते. "आता वन्सं म्हण." दात आले. "हां. म्हणजे तुझ्याही तोंडात दोन आहेत, आणि तुला आजवर पत्ता नव्हता. तुला कुणी धरलं नाही ना ओठाला?"

पोळी करपली. आपण दोघी नंतर वीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभ्या राहिलो, सणवार केले, तुमच्या भावाचं दुखणं काढलं, पण ते वाक्य तसंच पडून राहिलं. तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. तुमचा हाच दोष होता, वन्सं, असला तर. तुम्ही एकदा सांगून थांबायचात, आणि माझ्यासारखीला एकदा सांगून पुरत नाही.

दहाव्या दिवशी फूलबागेजवळच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण इतका ओंगळ कार्यक्रम मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तुमचा फोटो फ्लेक्सवर, आणि तुम्हाला गोरं केलेलं. हनुवटीवरचा तीळ पुसून टाकलेला. तुमच्या फोटोपेक्षा शोकाकुल मंडळींचे फोटो जास्त. भाषणं चालू असताना मागच्या रांगेत कचोऱ्या वाटल्या जात होत्या आणि एक गृहस्थ खुर्चीच्या पांढऱ्या अभ्र्याला चटणीची बोटं पुसत होते. मी बघत होते, ते माझ्याकडे बघून नमस्कार करत होते. मग एक निवृत्त अधिकारी उठले, त्यांच्या वडिलांपासून आपली ओळख. माइकसमोर खाकरून म्हणाले, "विमलताईंची वाणी शुद्ध होती. आज ग्वाल्हेरच्या मराठीचं काय झालं आहे? मुलं आधी हिंदीत घुसतात, मग इंग्रजीत. पण ह्या दोघी नणंद-भावजयींनी शुद्ध उच्चारांचा दिवा तेवत ठेवला."

शुद्ध! तुम्ही! ज्या बाईनं बकील, बिद्या म्हणणाऱ्यांना कधी टोकलं नाही आणि बिमला ह्या हाकेला आयुष्यभर 'ओ' दिली, तिला हा माणूस शुद्ध म्हणत होता. मला वाटलं उठावं आणि तो माइक हिसकावून घ्यावा. खरं सांगते, वाटलं. पण लोक माझ्याकडे वळून पाहत होते, टाळ्या वाजत होत्या, आणि मी काय केलं? मी मान किंचित झुकवली. स्तुती स्वीकारताना झुकवतात तशी. तुमच्या शोकसभेत तुमच्या नावावर मी आपल्या पदरात तेवढं पाडून घेतलं. घरी आल्यावर हात धुतले, दोनदा धुतले.

आणि चौदाव्या दिवशी पूनम आली.

मी ओळखलं नाही. दारात चाळिशीची बाई, केस करडे व्हायला लागलेले, इस्पितळाचं ओळखपत्र गळ्यात. "नमस्ते मैडम. मैं पूनम. बैनजी के स्कूल वाली." नंतर समजलं, दिल्लीची नोकरी हुकली तरी दोन वर्षांनी तिनं इथंच नोकरी धरली, आता स्टेशनजवळच्या एका इस्पितळात सिस्टर इन्चार्ज आहे. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी दुपारी पडत असे तेव्हा ती येऊन तुमची पाठ पुसून जायची, हेही मला तेव्हाच कळलं. तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तिनंच सांगू नका म्हटलं होतं का, की तुम्हीच ठरवलंत?

"बैठो ना, पूनम," मी म्हटलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"बैनजी बहुत अच्छी थीं, मैडम. हमारा सबक नहीं सुनती थीं, हमारी बात सुनती थीं."

हे बोलताना तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. मला वाटलं रडू आवरते आहे. पण डोळे कोरडे होते. मी पाणी आणलं, ती प्यायली, हात खाली आला. इस्पितळातून कुणाचा तरी फोन आला. फोनवर ती मोकळ्या तोंडानं बोलली, मोठ्यानं, हुकूम सोडत, "बेड नंबर चार को करवट दिलाओ, अभी, मेरे आने का इंतज़ार मत करो." मध्ये इंग्रजीही बोलली, फाडफाड, व कुठे कसा गेला मी ऐकलं नाही, इतकी ती जोरात होती. फोन ठेवला. माझ्याकडे वळली, आणि ओढणी परत तोंडावर गेली.

फक्त माझ्यासमोर. वीस वर्षांनी.

तिला स्वतःला ते ठाऊक नसावं असं वाटतं. हात आपोआप जात होता. मी समोर बसून ते पाहत होते आणि माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला तो ओलेपणा परत जाणवला. मला क्षमा मागायची होती. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर, "चाय लोगी?" ती म्हणाली, "नहीं मैडम, ड्यूटी है," आणि ओढणीआडून हसून निघून गेली.

रात्रभर मी जागले वगैरे काही नाही. शांत झोपले. माझं शरीरही निर्लज्ज आहे. सकाळी दात घासताना मात्र आरशात माझं तोंड दिसलं आणि मी दिवा घालवला.

आणि तेव्हा मला रेवाचा काळा पडदा आठवला. तिकडची रीत ओढणीची नाही, इतकाच फरक.

हे इथवर लिहून झालं होतं, आणि काल रविवार होता. मी दुपारी चारला अभयला फोन लावला आणि म्हटलं, "रेवाला दे. तिला म्हणावं, बोलू नको, फक्त ऐक. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल." बऱ्याच वेळानं पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पडदा काळाच. मी त्या काळ्या चौकोनाशी बोलले. सगळं सांगितलं, वन्सं. आरसा, सतरंजी, पूनम, ओठ, ओढणी. तुमचं भाजीवाल्याचं 'वह' सांगितलं. तुमचं ते हसणारी-पहिली-तूच वाक्यही सांगितलं. मधे एकदा तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला, म्हणजे ती होती.

मी म्हटलं, "रेवा, त्या दिवशी तू आत्याआजीसाठी रडत होतीस आणि मी तुला धडा दिला. माझं चुकलं."

मग हळू आवाज, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. "डिड इट हर्ट हर? तिला लागलं?"

"लागलं असेल. अजूनही लागतंय."

"तू तिला सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"व्हाय नॉट?"

चाळीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले, वन्सं, पण इतका अवघड मला कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं, की लाज वाटली. मोठ्या बाईला लहान होण्याची लाज वाटते.

"मग आता जा," रेवा म्हणाली. "जा आणि मला सांग. मी वाट बघते."

वाट. ओठ शिट्टीसारखे गोल, तिकडचा पुरा गोल व. मला ऐकू आला. येणारच, हे कान काही एका दिवसात बहिरे होणार नाहीत. जीभ टाळ्याशी गेली होती, सवयीनं. मी तिला तिथंच धरून ठेवलं. मग म्हटलं, "बघ."

आज सोमवार. पूनमची ड्यूटी दोनला संपते, इस्पितळात फोन करून विचारून घेतलं आहे. दीड वाजला आहे, पडावला तिच्या इस्पितळापर्यंत पंधरा मिनिटं लागतात. काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, मग फाडून टाकलं, ते फार व्यवस्थित झालं होतं.

निघते, वन्सं.